रेंज नसलेल्या शाळेतल्या टॅबमध्ये कोणती अ‍ॅप टाकावीत?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. अंबडच्या एका कारखान्यातल्या कामगारांनी वर्गणी काढून शाळेला पाच टॅब घेऊन दिलेत. सहावी ते आठवीची मुलं वापरतील. टॅब चांगले आहेत, पण गावात नेटच्या नावाने बोंब. शाळेमागच्या टेकाडावर चढलं तर फोन लागतो, बाकी काही नाही. पावसाळ्यात लाईट गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येते.

टॅब सध्या माझ्याकडे इंदिरानगरला आहेत. घरच्या वायफायवर सगळं भरून पुढच्या रविवारी सुरगाण्याला पाठवायचेत. अटी अशा: नेटशिवाय चाललं पाहिजे, मराठीत असलं पाहिजे किंवा निदान मराठी शाळेतल्या पोराला झेपलं पाहिजे, फुकट हवं आणि मध्येमध्ये जाहिराती नकोत.

प्ले स्टोअरवर 'मराठी अभ्यास' टाकलं की ढिगाने अ‍ॅप येतात. बरीच उघडून बघितली. एका सामान्य ज्ञानाच्या अ‍ॅपने चालू होतानाच माझे सगळे कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागितली. प्रश्नमंजूषेला माझ्या फोनमधले नंबर कशाला हवेत? दुसऱ्यात तीन प्रश्न झाले की रमीची जाहिरात. असलं काही मुलांच्या हातात द्यायचं नाही, याबाबत मी ठाम आहे.

तर शिकायला किंवा रोजच्या व्यवहारात काही बघायला, शोधायला तुम्ही स्वतः जी अ‍ॅप वापरता तीच सांगा. ऐकीव नको.

दिंडोरीचे_गुरुजी

पहिलं नाव दीक्षाचं. २०१७ साली आलं, सरकारी आहे, जाहिरात नाही. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो. तो अ‍ॅपमधून स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. लॉगिनसुद्धा लागत नाही.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. घरी बसून सहावी, सातवी, आठवीचे धडे एका टॅबवर डाऊनलोड करा. डाऊनलोड झालेला मजकूर त्याच अ‍ॅपमधून फाईल म्हणून बाहेर काढता येतो आणि दुसऱ्या टॅबवर टाकता येतो. म्हणजे पाच वेळा उतरवायची गरज नाही.

सगळंच चांगलं आहे असं मात्र नाही. काही व्हिडिओत पुस्तकातला उतारा नुसता वाचून दाखवलाय. त्यामुळे बहिणीला सांगा, आधी स्वतः बघा आणि निवडक ठेवा. गणिताचे आणि विज्ञानाचे जास्त, भाषेचे कमी, असा माझा अनुभव.

ई-बालभारतीच्या साईटवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, त्याही भरून ठेवा. आश्रमशाळेत पुस्तकं असतात, पण पाऊस आणि पोरं यांच्या तडाख्यातून दिवाळीपर्यंत शाबूत राहणारं पुस्तक दुर्मिळ.

भुरी_आणि_डावणी

आम्ही निफाडचे द्राक्षवाले. शाळेचं मला कळत नाही, रोज काय वापरतो ते सांगतो. मेघदूत आणि दामिनी.

मेघदूत हवामान खात्याचं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, आपल्या जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडताना पाऊस आहे की नाही, यावर आमची फवारणी ठरते. डावणी या वेलीवरच्या रोगाला पसरायला एक रात्र पुरते. आभाळ बघून अंदाज करणारे म्हातारे आमच्याकडेही आहेत आणि त्यांना मान आहे, पण आर्द्रता किती राहील हे आभाळ बघून आकड्यात सांगता येत नाही.

दामिनी विजेचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलंय. आसपास २०-४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर इशारा येतो, आणि मागच्या पाच-दहा-पंधरा मिनिटांत कुठे पडली ते नकाशावर दिसतं. एप्रिल-मेच्या वळवात बागेत पंधरा-वीस मजूर असतात, लोखंडी मांडवाखाली. इशारा आला की काम थांबवून सगळ्यांना घरात घेतो. रोज बुडाला तरी चालेल.

दोन्हीला नेट लागतं, त्यामुळे टॅबला उपयोग नाही. पण बहिणीच्या स्वतःच्या फोनमध्ये दामिनी असू द्या. सुरगाणा-पेठकडे वीज फार पडते.

पंचवटीची_सून

दामिनीला +१००. आमच्या सासूबाईंना ते वाजलं की सर्वात आधी गच्चीवरचं वाळवण आठवतं. मागच्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञांनी माणसं वाचवली, सासूबाईंनी कुरडया.

सातपूर_लाईन

कांद्याच्या भावाचं एखादं चांगलं अ‍ॅप आहे का कुणाकडे? (धाग्याचा विषय सोडून विचारतोय, माफी असावी.)

भुरी_आणि_डावणी

@सातपूर_लाईन, भाव दाखवणारी पुष्कळ आहेत, पण त्यावर बघून पिकअप भरू नका. तिथे दिसतो तो झालेल्या लिलावाचा किमान, कमाल आणि सरासरी भाव. तुमच्या कांद्याची प्रत, तुमची ओल, त्या दिवसाची आवक यातलं त्यात काही नसतं. लासलगाव, पिंपळगावला रोज जाणारा एक माणूस ओळखीचा ठेवा. सकाळच्या पहिल्या लिलावाचा फोन कुठल्याही अ‍ॅपपेक्षा खरा.

शब्दवेडा

शब्दकोशाचं अजून कुणी बोललं नाही, आणि नाशिकच्या धाग्यावर ते राहून जायला नको. आपल्या महिरावणीचे सुनील खांडबहाले मराठी माध्यमातून शिकलेले. अभियांत्रिकीला गेल्यावर इंग्रजी आड आलं. तेव्हा अडलेले शब्द जमवता जमवता त्यांनी कोश केला, पुढे तो संगणकावर, नेटवर आणि फोनवर आला, भारतीय भाषाही वाढत गेल्या. सुरगाण्याच्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगावी. अडचण त्यांचीही तीच आहे.

मी स्वतः मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश रोज उघडतो. १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने नेटवर ठेवली आहे, फुकट शोधता येते. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच. बृहद्कोश नावाच्या साईटवर असे बरेच मराठी कोश एकत्र चाळता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही नेटवर खुले आहेत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं काम आज आपण बसमध्ये उभ्याने वाचतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण हे सगळं नेटवरचं. नेटशिवाय हवं असेल तर गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा ऑफलाईन पॅक उतरवून ठेवता येतो. वाक्यांचं भाषांतर धड होतंच असं नाही, सुट्या शब्दाला चालतं.

निवृत्त_मास्तर

वाचतोय. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, नाशिकरोडला. माझं मत वेगळं आहे आणि ते इथे बऱ्याच जणांना रुचणार नाही.

पाच टॅबच्या पैशात वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक छापील कोश आणि गोष्टींची दहा-दहा पुस्तकं आली असती. पुस्तकाला चार्जिंग लागत नाही, एक फाटलं तर बाकीची राहतात. टॅबची काच फुटली तर सुरगाण्यात दुरुस्त कोण करणार? शाळांना मिळालेले संगणक खोलीला कुलूप लावून ठेवलेले मी पाहिले आहेत. कारण एकच, मोडला तर भरून कोण देणार ही भीती.

दुसरं म्हणजे शोधण्याची सवय. छापील कोशात एक शब्द शोधताना आजूबाजूचे दहा डोळ्याखालून जातात. आपल्याकडे १८४० पासून सार्वजनिक वाचनालय (सावाना) आहे. सावानाच्या कपाटांपुढे उभं राहून पुस्तक निवडताना मुलाला जे कळतं, ते पडद्यावर बोट फिरवून कळत नाही. देणगी देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण निवड चुकली असं मला वाटतं.

अंबड_सेकंड_शिफ्ट

मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो. मी अंबडला कंपनीत आहे आणि मुक्त विद्यापीठातून बीए करतोय. पुस्तकांची पीडीएफ फोनमध्ये आहे. सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात अर्धा तास मिळतो, त्यात वाचतो. जाड पुस्तक घेऊन गेटमधून आत जाता येत नाही. फोनही लॉकरमध्ये असतो, पण कँटीनला चालतो. वाचनालय उघडं असतं तेव्हा मी मशीनवर असतो.

सनावळ्या आणि व्याख्यांसाठी अँकीड्रॉइड वापरतो. आपणच प्रश्नाचं कार्ड करायचं, मागे उत्तर लिहायचं. जे येत नाही ते लवकर परत समोर येतं, जे येतं ते लांबणीवर पडतं. फुकट आहे, जाहिरात नाही, नेट लागत नाही. एकाने केलेला कार्डांचा गठ्ठा फाईल करून दुसऱ्याला देता येतो. आठवीच्या मुलांनी एकमेकांसाठी कार्डं केली तर करतानाच निम्मा अभ्यास होईल.

गोदाकाठची

@निवृत्त_मास्तर सर, कुलपाची भीती खरी आहे. बहिणीने मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घेतलंय की टॅब तिच्या वर्गातच राहतील, काच फुटली तर वर्गणीवाले बघतील, मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुस्तकांचं तुमचं म्हणणं मान्य. तेही करू, तुम्ही यादी द्याल का? टॅब मात्र आता आलेत, ते चांगले वापरायचे एवढंच माझ्या हातात आहे.

निवृत्त_मास्तर

यादी देतो. रविवारपर्यंत.

कॉलेजरोडचा_काका

एवढी चर्चा कशाला? एखादं एआय अ‍ॅप टाका, काय हवं ते मराठीत विचारा, उत्तर येतं. माझा नातू सगळा अभ्यास त्यावरच करतो.

शब्दवेडा

काका, तिथे नेट नाही.

दिंडोरीचे_गुरुजी

आणि नेट असतं तरी सहावीच्या मुलाच्या हाती एकटं दिलं नसतं. मी वर्गात करून बघितलं. नाशिक जिल्ह्यातल्या धरणांची माहिती विचारली. उत्तर झकास मराठीत, मुद्देसूद आणि खात्रीच्या सुरात आलं. त्यात एक धरण भलत्याच नदीवर बांधलेलं होतं. वर्गातल्या एका मुलीचं गाव त्याच धरणाखाली आहे, तिने लगेच हात वर केला. जिथे पोरांना स्वतःचं ठाऊक आहे तिथे चूक पकडली जाते. समुद्रप्रवाह किंवा मुघलांचा इतिहास विचारला असता तर कोण पकडणार?

मोठ्या मुलांना मी ते वापरायला देतो, पण उत्तर पुस्तकातून पडताळून आणायचं या अटीवर. विश्वकोशात लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. जबाबदार कोण ते कळतं.

कॉलेजरोडचा_काका

धरणाचा मुद्दा पटला. नातवालाही हा प्रयोग करायला लावतो.

नांदूरचा_पक्षीवाला

मर्लिन! अजून कुणी कसं सांगितलं नाही? कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र विभागाचं अ‍ॅप आहे, पूर्ण फुकट. भारताचा पॅक एकदा उतरवला की नेटशिवाय चालतं. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव पडद्यावर येतं. फोटोवरूनही ओळखतं.

आमचं नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात पहाटे चापडगावच्या बाजूने मनोऱ्यावर जाऊन बसा. धुकं असतं, पाण्यावरचं काही दिसत नाही, फक्त आवाज. अशा वेळी फोन कठड्यावर ठेवायचा आणि रेकॉर्डिंग चालू करायचं. एकेक नाव यादीत उगवतं, आणि तोच पक्षी पुन्हा बोलला की त्याच नावावर पिवळी पट्टी येते. धुकं निवळेपर्यंत कोण कोण हजर आहे ते कळलेलं असतं. मग दुर्बीण लावून एकेक शोधायचा.

चुकतंही. वारा जोराचा असेल किंवा गाडीचा आवाज असेल तर काहीही नाव देतं, म्हणून दिसल्याशिवाय नोंद करायची नाही, हा आमचा नियम. नावं इंग्रजीत दिसली तरी हरकत नाही. सुरगाण्याच्या पोरांना पक्षी माहीत असतातच, त्यांच्या घरची नावं ती समोर लिहितील.

पंचवटीची_सून

आमच्या दिरांनी यावर कोकिळेची नक्कल करून दाखवली. अ‍ॅप ढिम्म. मग खिडकीबाहेर खरी कोकीळ ओरडली आणि लगेच नाव आलं. घरात अजून त्यांना कुणी शीळ घालू देत नाही.

नांदूरचा_पक्षीवाला

दिरांना घेऊन या नांदूरला, सराव करून घेऊ.

सराफबाजार_गल्ली

रोजच्या व्यवहाराचं म्हणाल तर प्रत्येकाच्या फोनमध्ये बीआयएस केअर असायलाच हवं. मी दागिने घडवणाऱ्यांच्या घरातला, म्हणून कळकळीने सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी हा ओळखकोड असावाच लागतो. दुकानातच दागिना हातात घ्या, भिंगातून तो कोड वाचा आणि अ‍ॅपमध्ये टाका. शुद्धता, दागिन्याचा प्रकार, सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र हे सगळं येतं. हातात बांगडी असेल आणि अ‍ॅप अंगठी म्हणत असेल तर बिल करू नका.

चांगला सराफ यावर कधी रागावत नाही, उलट भिंग स्वतः पुढे करतो.

सातपूर_लाईन

हे माहीत नव्हतं. बहिणीचं लग्न आहे, उपयोगी पडेल. दादा, धन्यवाद.

विज्ञानाचा_तास

मी शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवते. गोदाकाठची ताई, तुमच्या टॅबसाठी माझ्याकडे दोन गोष्टी आहेत, दोन्ही वर्गात वापरलेल्या.

पहिली फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, फुकट, नेट लागत नाही. फोनमधले सेन्सर आणि माईक वापरून भौतिकशास्त्राचे प्रयोग करता येतात. आवाजाचा वेग मोजायचा प्रयोग सांगते. दोन टॅब एकमेकांपासून पाच मीटरवर ठेवा. दोन्हीवर 'ध्वनी स्टॉपवॉच' चालू करा, म्हणजे आवाज झाला की घड्याळ सुरू, पुन्हा आवाज झाला की बंद. पहिल्या टॅबजवळच्या मुलाने टाळी वाजवायची. त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसरं मात्र आवाज तिथे पोचल्यावर. मग दुसऱ्या टॅबजवळच्या मुलीने टाळी वाजवायची. तिचं लगेच थांबतं, पहिलं उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. दहाला त्याने भागा, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास येतं. पुस्तकात छापलेला आकडा मुलांच्या टाळीतून निघाला की वर्ग जो काही ओरडतो! शेजारच्या वर्गातून तक्रार येते. शांत जागा हवी, पोरांनी मध्ये खोकायचं नाही, एवढंच पथ्य.

दुसरी फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने केलेले खेळवता येण्यासारखे प्रयोग. बरेचसे मराठीत आहेत. वायर जोडा, बल्ब लावा, सेल वाढवा आणि काय होतं ते बघा. प्रत्येक प्रयोगाची फाईल उतरवून ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. आश्रमशाळेच्या प्रयोगशाळेत किती साहित्य असतं हे आपल्याला माहीत आहे. तरी खरा सेल, खरी वायर आधी हातात द्या, मग पडद्यावरची. क्रम उलटा नको.

आकाश दाखवायला स्काय मॅप छान, पण स्वस्त टॅबमध्ये होकायंत्राचा सेन्सर बऱ्याचदा नसतो, मग दिशा भलतीच दाखवतं. आधी तपासा. सुरगाण्यात रात्री दिवे कमी, आकाश आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, त्यामुळे चाललं तर सोनं.

इगतपुरी_घाट

अवांतर. कसारा घाटात नेट गेलं तरी 'व्हेअर इज माय ट्रेन' मोबाईल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं. मुंबईला ये-जा करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी लिहिलं.

दोन_पोरांची_आई

पैसे भरून घ्यायच्या अभ्यासाच्या अ‍ॅपबद्दल सावध करते. कंपनीचं नाव घेत नाही. घरी दोन जण आले, मुलाची 'मोफत चाचणी' घेतली, मुलगा मागे पडलाय असं त्याच्यासमोरच सांगितलं आणि तिथल्या तिथे हप्त्याचे कागद पुढे केले. कागद नीट वाचले तेव्हा कळलं की ती फी नव्हती, कर्ज होतं. वर्ग बंद केला तरी हप्ता चालूच. मुलगा त्या रात्री जेवला नाही, आपण ढ आहोत असं त्याच्या मनाने घेतलं. मी सही केली नाही. अशा लोकांना दारातूनच परत पाठवा. वर गुरुजींनी आणि विज्ञानाच्या बाईंनी जे सांगितलंय ते सगळं फुकट आहे आणि त्याहून कितीतरी चांगलं आहे.

विज्ञानाचा_तास

@दोन_पोरांची_आई, मुलासमोर तो मागे आहे म्हणणाऱ्याला शिक्षणातलं काहीच कळत नाही. बरं केलंत.

मेमरी_कार्ड

टॅब तयार करायचं काम मी बऱ्याच शाळांसाठी केलंय, म्हणून जरा सविस्तर.

किविक्स टाका. त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये उतरवता येतो, चित्रांसकट. २००३ पासून लोकांनी लिहिलेलं सगळं, नेटशिवाय शोधता येतं. मराठी फाईल आटोपशीर आहे. इंग्रजीची सचित्र पूर्ण फाईल शंभर जीबीच्या घरात जाते, तिच्या नादी लागू नका. काही लेख अर्धवट आहेत हे मुलांना आधीच सांगायचं.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर. मराठी चित्रगोष्टी भरपूर, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, पीडीएफ उतरवायला परवानगी आहे. मास्तरांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्या छापूनही वाटता येतात.

मग टॅबची मांडणी. मुलांसाठी एकच पान, त्यावर सात-आठ चिन्हं, बाकी सगळं बंद. आपोआप अपडेट बंद. प्ले स्टोअरवर पासवर्ड. अ‍ॅप पिन करायची सोय अँड्रॉइडमध्ये असते, ती शिक्षकांना शिकवा, म्हणजे एक अ‍ॅप चालू असताना मुलं दुसऱ्यात जात नाहीत. सगळा साठा मेमरी कार्डावर ठेवा आणि एक कार्ड जसंच्या तसं शाळेच्या कपाटात राखीव. टॅब बिघडला तरी कार्ड काढून दुसऱ्यात चालतं. चार जीबीच्या वरची फाईल असेल तर कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाहीतर कॉपी अर्ध्यात अडकते आणि कारण कळत नाही.

पेठचा_भाऊ

सगळ्यांचं वाचलं. मी पेठ तालुक्यातला, आश्रमशाळेतच शिकलो, आता नाशकात नोकरीला. माझं सांगणं थोडं वेगळं.

आमच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. शाळेत गेलो तेव्हा पुस्तकातली मराठीच मला नवीन होती. तुम्ही मराठीत अ‍ॅप हवं म्हणता ते बरोबर, पण सुरगाण्याच्या पोराला मराठीसुद्धा शिकावी लागते. म्हणून टॅबमध्ये मुळातच असलेल्या दोन गोष्टी वापरा. आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप आणि कॅमेरा. दोन्हीला नेट नको, पैसे नकोत.

पावसाळ्यात रानात शेवळं, करटोली, टाकळा येतो. मुलांनी फोटो काढायचा आणि आजीला विचारायचं की ही भाजी कुठे मिळते, कशी निवडतात, खाज सुटू नये म्हणून कशात शिजवतात. तिचं बोलणं तिच्या भाषेत रेकॉर्ड करायचं. मग वर्गात बसून मराठीत चार ओळी लिहायच्या. नागलीची रोपं लावताना म्हणायची गाणी, वारली-कोकणा लग्नातल्या रीती, झाडपाल्याची माहिती, हे कुठल्या विकिपीडियात सापडणार? आमच्या आजीला शंभर एक झाडं नावाने ठाऊक होती. ती गेली, आणि आमच्याकडे तिच्या आवाजातलं काहीच नाही. या पोरांच्या आज्या अजून आहेत.

बाहेरून आणलेलं ज्ञान टॅबमध्ये भरा, जरूर भरा. पण त्यात अर्धी जागा मोकळी ठेवा.

शब्दवेडा

दंडवत. मी मोल्सवर्थ घेऊन बसलो होतो. हे त्याच्या आधी करायला हवं.

निवृत्त_मास्तर

पेठच्या भाऊंनी सांगितलेलं काम कागदावर होणार नाही, आवाज कागदावर येत नाही. त्या कामासाठी टॅब हवेच. पुस्तकांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण टॅबवरचा आक्षेप मी मागे घेतो.

नांदूरचा_पक्षीवाला

पक्ष्यांचे आवाजही असेच रेकॉर्ड करून ठेवा, गावातल्या नावासकट.

गोदाकाठची

काल रात्री बहीण टेकाडावर आली होती, तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिची मतं:

दीक्षा हवंच, पण फक्त गणित आणि विज्ञान. ती स्वतः बघून निवडणार. किविक्स हवं. स्टोरीविव्हरच्या सोप्या पातळीच्या गोष्टी जास्त हव्यात, कारण सहावीतली काही मुलं अजून अडखळत वाचतात आणि मोठ्या पुस्तकाला हात लावायला लाजतात. पडद्यावर कुणाला पातळी दिसत नाही, मग ती मोकळेपणाने वाचतात. फायफॉक्सचा टाळीचा प्रयोग ती पहिल्याच दिवशी करणार आहे. अँकीड्रॉइड आठवीपुरतं. मर्लिन सगळ्या टॅबवर. स्काय मॅप तपासलं, आमच्या टॅबमध्ये होकायंत्र नाहीच, त्यामुळे ते बाद.

पेठच्या भाऊंचं ऐकल्यावर ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, अर्धी नाही, दोन टॅब पूर्ण मोकळे पाठव. ते घरी न्यायला देईन, पाळीपाळीने." पालकसभा महिनाअखेरीस आहे, तेव्हा आज्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच रेकॉर्डिंग सुरू करायचं असं ठरलंय. रेकॉर्डिंग गावाचं राहील, नेटवर टाकायचं नाही, असंही तिने आत्ताच बजावलंय.

पेठचा_भाऊ

बाईंना नमस्कार सांगा. कोकणा लिहायला अडलं तर माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, टेकाडावरून केव्हाही लावा. आणि आजी आधी नाही म्हणेल, तिला आधी दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग ऐकवा.

विज्ञानाचा_तास

घरी न्यायला द्यायचे असतील तर पावसासाठी जाड प्लॅस्टिकची झिपची पिशवी आणि चार्जिंगसाठी एक-दोन पॉवर बँक लागतील. पॉवर बँक माझ्याकडून.

अंबड_सेकंड_शिफ्ट

पिशव्या आमच्या पॅकिंग खात्यात चांगल्या जाडीच्या येतात, दुकानदाराचं नाव विचारून विकत आणतो.

मेमरी_कार्ड

शनिवारी दुपारी एम. जी. रोडला आहे. कार्डं पक्क्या बिलाने घेतो, खोट्या क्षमतेची कार्डं फार आलीत बाजारात. घेतल्यावर पूर्ण भरून तपासूनच देईन. किती आणि केवढी हवीत?

गोदाकाठची

६४ जीबीची पाच टॅबना आणि एक कपाटात ठेवायला, अशी सहा. संध्याकाळी इंदिरानगरला या, टॅब तयार ठेवते. मास्तरांची पुस्तकांची यादी आली की त्याच गाडीने पुस्तकंही पाठवू.